शकुंतला भगत

शकुंतला अनिरुद्ध भगत, पूर्वाश्रमीच्या शकुंतला जोशी (जन्म : ६ फेब्रुवारी १९३३, मृत्यू : १४ ऑक्टोबर २०१२), या भारतीय स्थापत्य अभियंत्या, पूलरचनाकार, संशोधक आणि उद्योजक होत्या. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट (सध्याची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था) या संस्थेतून १९५३ साली स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. यंत्र अभियंता असलेले पती अनिरुद्ध भगत यांच्यासह त्यांनी कारखान्यात तयार केलेल्या प्रमाणित सुट्या भागांपासून पूल जोडण्याची पद्धत विकसित केली. या पद्धतीचे पूल बांधण्यासाठी १९७० साली दोघांनी मुंबईत क्वाड्रिकॉन ही कंपनी स्थापन केली. १९७२ साली हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात या पद्धतीचे पहिले पूल उभे राहिले आणि १९७८ पर्यंत काश्मीरपासून अरुणाचल प्रदेशापर्यंत अशा पुलांची संख्या ६९ झाली. देशात आणि परदेशात मिळून सुमारे २०० पुलांच्या रचनेशी व उभारणीशी त्यांचे नाव जोडलेले आहे.

कौटुंबिक पार्श्वभूमी

शकुंतला यांचे वडील एस. बी. जोशी हे नामवंत पूल अभियंते होते. भारतीय पूल अभियांत्रिकीचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातील रस्त्यांचा प्रश्न हळूहळू राष्ट्रीय पातळीवर चर्चेत येऊ लागला होता. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्तेविकास समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतून पुढे १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. रस्ते आणि पूल यांची मानके ठरवणाऱ्या या संस्थेच्या शकुंतला भगत पुढे सदस्य झाल्या.

वडिलांचा व्यवसाय मुलाने पुढे चालवावा, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. मुलीने वडिलांच्याच ज्ञानशाखेची रीतसर पदवी घ्यावी आणि त्याच क्षेत्रात स्वतंत्र संशोधन करावे, याचे उदाहरण मात्र विरळाच होते. पुढे शकुंतला यांनी वडिलांच्या नावाच्या आधारावर न थांबता स्वतःच्या कल्पनेची स्वतंत्र कंपनी काढली. त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन वडिलांपासून वेगळे करता येते.

शिक्षण

व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मुंबईत स्थापन झाली. प्रारंभी भायखळ्याला असलेली ही संस्था १९२३ साली माटुंग्याला आली. मुंबईतील कापडगिरण्या आणि यंत्रशाळा यांना लागणारे तंत्रज्ञ घडवणे हा तिचा मूळ हेतू होता. किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी याच संस्थेत काही वर्षे अध्यापन केले होते. १९९७ साली संस्थेचे नामांतर होऊन तिला वीरमाता जिजाबाईंचे नाव देण्यात आले.

त्या काळच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात वर्गातील व्याख्यानांइतकेच महत्त्व प्रत्यक्ष कामाला होते. ड्रॉइंग बोर्डावर तासन्‌तास उभे राहून नकाशे काढावे लागत. उन्हात साखळी, थिओडोलाइट आणि डंपी लेव्हल घेऊन भूमापन करावे लागे. कार्यशाळेत सुतारकाम, लोहारकाम आणि फिटिंगचे धडे घ्यावे लागत. ही सारी कामे पुरुषांची मानली जात. शकुंतला जोशी यांनी हा अभ्यासक्रम पूर्ण करून १९५३ साली पदवी मिळवली. त्या वेळी त्या वीस वर्षांच्या होत्या.

यानंतर त्यांनी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेतले. स्थापत्य व संरचना अभियांत्रिकी या विषयातील पदव्युत्तर पदवी त्यांना १९६४ साली मिळाली. पूल, इमारत, धरण किंवा मनोरा यांसारख्या बांधकामावर येणारा भार त्याच्या कोणकोणत्या भागांतून कसा वाहत जातो आणि तो पेलण्यासाठी प्रत्येक भाग किती मजबूत असावा, याचा अभ्यास म्हणजे संरचना अभियांत्रिकी होय. त्यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया याच विषयात आहे.

तत्कालीन भारतातील महिला अभियंत्या

शकुंतला भगत यांच्या पदवीचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळाची स्थिती लक्षात घ्यावी लागते. भारतात महिलांना अभियांत्रिकी महाविद्यालयाची दारे प्रथम मद्रासजवळील गिंडी येथे उघडली. अय्यलसोमयाजुला ललिता यांनी १९४० साली तेथे विद्युत अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. त्यांच्यापाठोपाठ पी. के. त्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज यांनी स्थापत्य शाखेत प्रवेश घेतला. ललिता या बालविधवा माता होत्या आणि पदवीनंतर त्यांनी जमालपूरच्या रेल्वे कार्यशाळेत एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण घेतले. महाविद्यालयाच्या छापील प्रमाणपत्रावर केवळ पुरुषवाचक सर्वनामाची सोय होती. तो शब्द खोडून त्यांच्यासाठी स्त्रीवाचक सर्वनाम लिहावे लागले. बंगालमध्ये इला मजुमदार यांनी १९५१ साली शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजमधून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि ग्लासगो येथे प्रशिक्षण घेऊन पुढे डेहराडूनच्या आयुध निर्माणीत काम केले.

महाराष्ट्रात ही वाटचाल आणखी संथ होती. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्या पहिल्या महिला लीला पूनावाला १९६७ साली पदवीधर झाल्या. १९७४ साली पुण्याच्या टेल्को कारखान्यातील अभियंत्यांच्या जागांसाठी निघालेल्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नयेत, असे नमूद केलेले होते. सुधा कुलकर्णी (पुढे सुधा मूर्ती) यांनी त्याबद्दल थेट जे. आर. डी. टाटा यांना पत्र लिहिल्याची घटना सर्वश्रुत आहे. शकुंतला जोशी यांनी त्या जाहिरातीच्या एकवीस वर्षे आधी पदवी मिळवली होती. म्हणजे महिलेला पदवी मिळणे शक्य झाल्यानंतरही कारखाना आणि बांधकामाची जागा तिच्यासाठी खुली व्हायला एक पिढी जावी लागली.

अध्यापन आणि संशोधन

मुंबईतील पवई येथे १९५८ साली युनेस्को आणि सोव्हिएत संघाच्या साहाय्याने भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. शकुंतला भगत यांनी या संस्थेत स्थापत्य अभियांत्रिकीच्या सहायक प्राध्यापक म्हणून अध्यापन केले. तेथील अवजड संरचना प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख होत्या.

अशा प्रयोगशाळेत प्रत्यक्ष आकाराच्या किंवा मोठ्या आकाराच्या तुळया, खांब आणि सांधे यांवर जॅकच्या साहाय्याने भार दिला जातो. भार टप्प्याटप्प्याने वाढवत नेऊन तुळई किती वाकते, पहिली भेग कोठे आणि कितव्या टनाला पडते आणि शेवटी ती कशी मोडते, याची नोंद घेतली जाते. कागदावरच्या गणितात जे गृहीत धरलेले असते ते येथे खरे करून दाखवावे लागते. एखादा सांधा किती भाराला निकामी होतो हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे, त्याला सांध्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. भगत यांच्या पुढील शोधांत सुट्या भागांना आणि त्यांना जोडणाऱ्या सांध्यांना मध्यवर्ती स्थान आहे, हे या अनुभवाशी सुसंगत आहे.

काँक्रीट या विषयावरही त्यांनी संशोधन केले. त्यासाठी लंडनच्या सिमेंट अँड काँक्रीट असोसिएशन या संस्थेबरोबर त्यांनी काम केले होते.

पूलबांधणीतील मूळ प्रश्न

परंपरागत पद्धतीत प्रत्येक पूल ही स्वतंत्र निर्मिती असते. नदीचे पात्र किती रुंद, तळाला खडक किती खोल, पुराची पातळी किती, वाहतूक एकेरी की दुहेरी आणि सर्वांत जड वाहन किती टनांचे, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक ठिकाणी वेगळी येतात. म्हणून प्रत्येक पुलाचा नकाशा नव्याने काढला जातो, त्याचे गणित नव्याने मांडले जाते आणि तो त्याच जागेवर घडवला जातो. काँक्रीटचा पूल असेल तर नदीपात्रात सेंटरिंग उभारावे लागते, सळ्या बांधाव्या लागतात आणि काँक्रीट ओतल्यावर अनेक दिवस पाणी मारून ते पक्के होऊ द्यावे लागते. काँक्रीटची ताकद मोजण्याचा प्रमाणित कालावधीच २८ दिवसांचा आहे. पावसाळ्यात पात्रातले काम थांबते. त्यामुळे लहानसा पूलसुद्धा एका हंगामात पुरा होईलच याची खात्री नसते.

याचे परिणाम खेड्यांना भोगावे लागतात. कोकणातील साकव वाहून जातो. विदर्भात वैनगंगेसारख्या नद्यांच्या खोऱ्यांत नाल्यावरचा रपटा पाण्याखाली गेला की पलीकडच्या गावाचा शाळेशी, दवाखान्याशी आणि बाजाराशी असलेला संबंध तुटतो. हिमालयात हीच अडचण अनेक पटींनी वाढते. तेथे कामाचा हंगाम बर्फ वितळल्यापासून पुन्हा बर्फ पडेपर्यंतच्या थोड्या महिन्यांचा असतो. थंडीत ओल्या काँक्रीटमधील पाणी गोठले तर ते कायमचे कमकुवत होते. शिवाय लांबलचक गर्डर घाटाच्या अरुंद वळणांवरून ट्रकने नेता येत नाहीत. १९६२ च्या चीन युद्धानंतर सीमाभागातील रस्त्यांची निकड सर्वांनाच जाणवली होती. सीमा सडक संघटना त्यापूर्वी दोनच वर्षे, म्हणजे १९६० साली स्थापन झाली होती.

सुटे भाग जोडून पूल उभारण्याची कल्पना तोपर्यंत लष्करात रुळलेली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अभियंता डोनाल्ड बेली यांनी सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट उंच अशा पोलादी चौकटींचा पूल तयार केला होता. एक चौकट सहा सैनिक उचलू शकत आणि खिळींनी त्या एकमेकींना जोडून काही तासांत किंवा दिवसांत पूल उभा राहत असे. बेली पूल हा मुळात युद्धकाळातील तातडीची गरज भागवण्यासाठी होता. नागरी वाहतुकीच्या वेगवेगळ्या गरजा भागवतील, निरनिराळ्या रुंदीचे आणि भारक्षमतेचे असतील, असे पूल सुट्या भागांतून कसे उभारता येतील, हा प्रश्न भगत दांपत्याने हाती घेतला.

संपूर्ण प्रणाली पद्धत

१९६० च्या दशकात शकुंतला आणि अनिरुद्ध भगत यांनी पूलबांधणीची संपूर्ण प्रणाली पद्धत विकसित केली. तिचे मूळ सूत्र सोपे आहे. पूल वेगवेगळे असले तरी त्यांच्यात वारंवार येणारे घटक मोजकेच असतात. ते घटक ओळखायचे, त्यांचे आकार आणि मापे प्रमाणित करायची, कारखान्यात ते मोठ्या संख्येने तयार करायचे आणि पुलाच्या जागी त्यांची केवळ जोडणी करायची. पुलाचा प्रकार, रस्त्याची रुंदी आणि वाहतुकीचा भार बदलला तर भाग तेच राहतात, त्यांची संख्या आणि मांडणी बदलते. लोहमार्गाचे रूळ, स्लीपर आणि फिशप्लेट ही मोजकीच असूनही त्यांतून सरळ मार्ग, वळण किंवा सांधा असे सर्व काही बांधता येते. या तुलनेवरून पद्धतीची कल्पना येते.

पोलादी पुलाच्या सांगाड्यात त्रिकोणी रचनेला विशेष महत्त्व असते. चौकोनाच्या एका कोपऱ्यावर जोर दिला की तो तिरका होतो. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. म्हणून लांब तुळईऐवजी त्रिकोणांची साखळी वापरली तर कमी पोलादात जास्त भार पेलता येतो. अशा सांगाड्यातील काही पट्ट्या ताणल्या जातात, तर काही दाबल्या जातात. प्रत्येक पट्टीतील बल तिच्या टोकाच्या सांध्यातून पुढच्या पट्टीत जाते. त्यामुळे पट्टी कितीही मजबूत असली तरी सांधा कमकुवत असेल तर पूल कमकुवतच राहतो.

या पद्धतीत स्थापत्य अभियांत्रिकी आणि यंत्र अभियांत्रिकी यांचा मेळ घातलेला आहे. पुलावरील भाराचे गणित हा स्थापत्य अभियंत्याचा विषय होय. एकाच मापाचे शेकडो भाग परस्परांऐवजी बसतील इतक्या अचूकपणे घडवणे हा यंत्र अभियंत्याचा विषय आहे. एका भागातील छिद्र एखाद्या मिलिमीटरने सरकले तर एकट्या भागात ते जाणवत नाही. असे दहा-वीस भाग ओळीने जोडले की चूक साठत जाते आणि शेवटचा सांधा बसतच नाही. मैदानात असलेल्या कारखान्यात ही चूक जिग आणि गेज वापरून टाळता येते. चार हजार मीटर उंचीवर, थंड वाऱ्यात, हातात पाना घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ती दुरुस्त करता येत नाही. म्हणून पुलाच्या कामातील सर्वांत अवघड भाग नदीकाठावरून उचलून कारखान्यात नेणे, हे या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य म्हणता येते. तसे झाल्यावर जागेवर फारशा कुशल नसलेल्या मजुरांकडूनही जोडणी करून घेता येते आणि कामाचा वेळ वाचतो.

क्वाड्रिकॉनची स्थापना

ही कल्पना प्रत्यक्षात आणण्यासाठी भगत दांपत्याने १९७० साली क्वाड्रिकॉन ही पूलबांधणी कंपनी सुरू केली. स्वतःच्या एकस्व घेतलेल्या, कारखान्यात तयार होणाऱ्या सुट्या भागांच्या रचना हे तिचे वैशिष्ट्य होते.

पूल ही वस्तू विकत घेणारा ग्राहक जवळजवळ नेहमी सरकारच असतो. सरकारी खात्याला सार्वजनिक पैसा आणि लोकांचे प्राण यांची जबाबदारी घ्यावी लागते. त्यामुळे पूर्वी सिद्ध झालेली पद्धतच स्वीकारण्याकडे खात्यांचा कल असतो. या सावधगिरीचे कारण समजण्यासारखे आहे. परंतु नव्या पद्धतीच्या शोधकापुढे त्यातून एक कोडे उभे राहते. पूल बांधून दाखवल्याशिवाय काम मिळत नाही आणि काम मिळाल्याशिवाय पूल बांधता येत नाही. क्वाड्रिकॉनच्या बाबतीत नेमके हेच घडले. आजमावून न पाहिलेल्या तंत्रज्ञानात पैसा गुंतवण्यास सरकारी खाती तयार नव्हती. अखेर भगत दांपत्याने आपल्या पदरचे पैसे घालून हे काम पुढे नेले.

हा निर्णय धोक्याचा होता. प्रयोगशाळेतील तुळई मोडली तर नोंदवहीत एक आकडा वाढतो. रस्त्यावरील पूल मोडला तर माणसे मरतात, त्याच्याबरोबर पद्धतीवरचा विश्वासही कायमचा संपतो. संस्थेतील प्राध्यापकपद हे त्या काळात स्थैर्य आणि प्रतिष्ठा देणारे होते. त्या पदावरून उद्योगाकडे वळून स्वतःच्या गणितावर स्वतःची मिळकत पणाला लावणे, हे शकुंतला भगत यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचे वळण होय.

स्पितीतील पूल

क्वाड्रिकॉनचा पहिला पूल १९७२ साली हिमाचल प्रदेशातील स्पिती येथे उभा राहिला. हिमाचल प्रदेशाला पूर्ण राज्याचा दर्जा मिळून तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. तिबेटच्या सीमेला लागून असलेले स्पिती खोरे हे शीत वाळवंट आहे. त्याचे मुख्य ठाणे असलेले काझा साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. लाहौलच्या बाजूने तेथे जाण्यासाठी सुमारे साडेचार हजार मीटर उंचीची कुंझुम खिंड ओलांडावी लागते आणि हिवाळ्यात ती बर्फामुळे बंद होते. साहित्य नेणे, मजूर राखणे आणि काम वेळेत संपवणे या तिन्ही दृष्टींनी देशातील अवघड जागांपैकी ही एक होती.

येथे चार महिन्यांच्या अवधीत भगत दांपत्याने दोन लहान पूल बांधून पूर्ण केले. पूल लहान होते, पण त्यांनी दोन गोष्टी सिद्ध केल्या. कारखान्यात घडवलेले भाग दूरच्या डोंगरी जागेवर पोहोचवून तेथे बिनचूक जोडता येतात, ही पहिली. हिमालयातील एका लहान हंगामात काम पुरे होऊ शकते, ही दुसरी. ज्या पुराव्याअभावी कंपनीला सरकारी पाठबळ मिळत नव्हते, तो पुरावा आता रस्त्यावर उभा होता. या पुलांची माहिती इतर जिल्ह्यांत आणि राज्यांत पोहोचली आणि तेथूनही कामे मिळू लागली.

कार्याचा विस्तार

स्पितीनंतरच्या सहा वर्षांत, म्हणजे १९७८ पर्यंत, क्वाड्रिकॉनने ६९ पूल बांधले. काश्मीरपासून अरुणाचल प्रदेशापर्यंतचा प्रदेश त्यांनी व्यापला होता. वर्षाला सरासरी दहाहून अधिक पूल हा वेग एकेक पूल स्वतंत्रपणे घडवण्याच्या पद्धतीत एका लहान खासगी कंपनीला साधणे कठीण होते. प्रमाणित भागांच्या पद्धतीमुळे एकाच साच्यातील भाग निरनिराळ्या नद्यांवर उपयोगी पडले.

पुढील काळात भगत यांच्या कार्याची व्याप्ती देशाबाहेरही गेली. ब्रिटन, अमेरिका आणि जर्मनी या देशांसह जगभरातील सुमारे २०० पुलांच्या रचनेत व बांधणीत त्यांचा सहभाग होता.

युनिशिअर जोड

पोलादी भाग एकमेकांना जोडण्याच्या तीन पद्धती सर्वत्र रूढ आहेत. रिव्हेटमध्ये तापवून लाल केलेला खिळा छिद्रातून घालून त्याचे दुसरे टोक ठोकून चपटे करतात. वेल्डिंगमध्ये दोन्ही भागांच्या कडा वितळवून एकजीव करतात. तिसरी पद्धत नटबोल्टची. रिव्हेटला भट्टी आणि कुशल टोळी लागते. वेल्डिंगला वीज, प्रशिक्षित कारागीर आणि नंतरची तपासणी लागते. साधे बोल्ट बसवणे सोपे असले तरी त्यांवर येणारे कर्तन बल, म्हणजे कात्रीसारखे आडवे कापू पाहणारे बल, अनेक बोल्टांत सारखे वाटले जाईलच असे नसते.

दुर्गम जागी सांधा पक्का आणि तरीही सोपा असावा, ही सुट्या भागांच्या पुलाची पहिली गरज असते. शकुंतला भगत यांनी त्यासाठी युनिशिअर नावाचा जोड शोधून काढला. या शोधाला १९७२ साली भारतातील इन्व्हेन्शन्स प्रमोशन बोर्डाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. स्पितीचा पूल आणि हा सन्मान एकाच वर्षातले आहेत.

सन्मान

युनिशिअर जोडासाठी १९७२ साली इन्व्हेन्शन्स प्रमोशन बोर्डाचा सर्वोच्च सन्मान.

१९९३ साली वर्षातील सर्वोत्कृष्ट महिला अभियंता पुरस्कार. पदवी मिळाल्यानंतर चाळीस वर्षांनी हा पुरस्कार त्यांना प्राप्त झाला.

इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे सदस्यत्व.

मृत्यू

शकुंतला भगत यांचे १४ ऑक्टोबर २०१२ रोजी वयाच्या ७९ व्या वर्षी निधन झाले.

मूल्यमापन

शकुंतला भगत यांचा उल्लेख बहुधा पहिल्या महिला स्थापत्य अभियंत्यांपैकी एक म्हणून केला जातो. हा मान त्यांना १९५३ साली मिळालेल्या पदवीमुळे आहे. त्यांचे अभियांत्रिकीतील योगदान त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत घडले आणि ते स्त्री-पुरुष भेदापलीकडचे आहे. पूल ही जागेवर बांधायची वस्तू न राहता कारखान्यात घडवून जागेवर जोडायची वस्तू होऊ शकते, हे त्यांनी आणि अनिरुद्ध भगत यांनी भारतीय परिस्थितीत सिद्ध केले. त्यासाठी लागणारे सैद्धांतिक गणित, प्रयोगशाळेतील चाचणी, भागांचे उत्पादन आणि प्रत्यक्ष उभारणी असे चारही टप्पे त्यांच्या कारकिर्दीत एकत्र आलेले दिसतात. अध्यापक, संशोधक, शोधक आणि उद्योजक अशा चारही भूमिका पार पाडणारे अभियंते कोणत्याही काळात थोडेच असतात.

स्थापत्य आणि यंत्र या दोन शाखांच्या सीमेवर उभे राहून केलेले काम म्हणूनही त्यांच्या कार्याकडे पाहता येते. आज सुट्या पोलादी भागांचे पूल डोंगराळ भागांत आणि आपत्तीच्या प्रसंगी नित्याने वापरले जातात. केरळमधील वायनाड जिल्ह्यात ३० जुलै २०२४ रोजी झालेल्या भूस्खलनानंतर भारतीय लष्कराच्या मद्रास अभियंता पथकाने चूरलमला येथे १९० फूट लांबीचा आणि २४ टन भारक्षमतेचा बेली पूल उभारला. हा पूल १ ऑगस्ट रोजी वाहतुकीस तयार झाला. त्या कामात प्रमुख सहभाग असलेल्या मेजर सीता शेळके या अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्याच्या असून लोणी येथील प्रवरा अभियांत्रिकी महाविद्यालयातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्या सैन्यात दाखल झाल्या. शकुंतला जोशी यांनी माटुंग्याच्या संस्थेतून पदवी घेतल्याला तेव्हा एकाहत्तर वर्षे झाली होती.